लागलं

बाहेरच्या खोलीत नवऱ्यानं हातोडी आपटली आणि तो म्हणाला, "लागलं!" तिनं मान वर न करता स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "कुठे लागलंय? छान रटरटतंय की! आणि लागलं तर उतरवीन मी. तुम्ही काय हातोडी टाकून धावत येणार आहात?" एवढं बोलून तिनं सवयीनं डाव पातेल्याच्या तळापर्यंत नेला आणि एकदा गोल फिरवला. मटार खाली-वर झाले, बटाट्याची एक फोड फुटली, मधल्या काळ्या डागावरून जाताना डाव नेहमीसारखा खरखरला. बाकी तळ स्वच्छ होता. कुठे काही चिकटलेलं नव्हतं. मग हा माणूस बाहेर बसून लागलं लागलं काय करतोय, असं तिच्या मनात येतंय तोवर तो दारात येऊन उभा राहिला. अंगठा तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि तरी हसत होता. "अगं बाई, पातेल्याला नाही. मला लागलं. मला!" त्यानं अंगठा नळाखाली धरला. "कमाल आहे बुवा. माणूस मेला तरी चालेल, पण रस्सा लागता कामा नये. शोभतेस हो आईची सून!" त्यानं अंगठ्याला ओला रुमाल गुंडाळला आणि तो परत घड्याळाचा खिळा ठोकायला गेला. सासूबाईंना भिंतीवरचं घड्याळ उंच पडायला लागलं होतं, म्हणून ते आज हातभर खाली यायचं होतं. त्याच्या मनात काहीही आलेलं नव्हतं. तिच्या मात्र हातातला डाव तसाच हातात राहिला आणि त्यातून रस्सा थेंबाथेंबानं ओट्यावर गळत राहिला.

कारण हे उत्तर तिचं नव्हतंच. ते सासूबाईंचं होतं. घरात ते सगळ्यांना तोंडपाठ होतं, आल्यागेल्याला ऐकवलेलं होतं. सासरे, म्हणजे अप्पा, गेले त्या दिवसाची ही गोष्ट. सासूबाई ती सांगायच्या तेव्हा आधी पदरानं ओठ पुसायच्या, म्हणजे समोरच्यानं ओळखायचं की आता गंमत येणार. "मी बाहेर मटार सोलत बसले होते. हे आत. यांचंच राज्य ना स्वयंपाकघरात. आतून म्हणाले, 'लागलं गं.' मी म्हटलं, 'लागलं तर उतरवा की! मी काय मटार टाकून धावत येऊ?' तर म्हणाले, 'बरं.' झालं! तेवढंच शेवटचं बोलणं. माणूस जगाचा निरोप घेतोय आणि तोंडात बायकोचं नाव नाही, पोराचं नाव नाही. तर काय? पातेलं लागलं!" मग त्या हसायच्या आणि ऐकणारा आधी बिचकून, मग त्यांच्याकडे बघून, हसायचा. नवरा तर डोळे पुसत हसायचा. तीही हसायची. अप्पांवर तिचा जीव होता, पण हसू यायचंच. असा मृत्यू कुणाला मिळतो, असं तिला खरंच वाटायचं. हातात डाव, समोर रस्सा आणि भिंतीपलीकडे भांडणारी बायको.

ती काम करायची ते दुकान चष्म्यांचं. दिवसभर अंधाऱ्या खोलीत माणसांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, आधीची बरी की आत्ताची? अक्षर तेच असतं. मोठी मोठी माणसं गोंधळतात, परत दाखवा म्हणतात, लहान पोरांसारखी पुढे झुकतात. आणि कधीकधी एखादा एकदम गप्प होतो. त्याला दिसलेलं असतं. आता आधीची काच कितीही वेळा लावली तरी उपयोग नसतो, कारण नीट काय दिसतं हे त्याला कळून चुकलेलं असतं. तिचं आज तसं झालं. शब्द तोच होता. कुणीतरी तिच्या डोळ्यांपुढची काच बदलली होती, आणि आत अप्पा उभे होते. नाही, उभे नव्हते.

तिनं गॅस बारीक केला. अप्पांनी शिकवलं होतं, स्वयंपाक करताना डोकं भलतीकडे गेलं की आधी हात गॅसच्या बटणावर न्यायचा. अप्पा कारखान्यात लेथवर होते. उभा जन्म यंत्राच्या आवाजात गेला, म्हणून निवृत्त झाल्यावर घरातली शांतता त्यांना खायला उठली आणि ते स्वयंपाकघरात शिरले. तिथे आवाज होते. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला चहासुद्धा धड येत नव्हता आणि सासूबाईंना शिकवायचा कंटाळा. मग अप्पाच म्हणाले, "ये गं, माझ्या हाताखाली ये." त्यांचं शिकवणं म्हणजे बघ नाही, चाख नाही. ऐक. "कांदा टाकलास? आता ऐक. आत्ता जाड आवाज येतोय ना, ते पाणी बोलतंय. पाणी संपलं की आवाज बारीक होईल. तिथे थांबायचं नाही, तिथे हलायचं." ती डोळे मिटून उभी राहायची आणि तिला काहीच कळायचं नाही. एक दिवस कळलं. आवाज खरंच बारीक झाला, सुईसारखा, आणि ती ओरडली, "अप्पा, झालं!" तर म्हाताऱ्यानं असा काही आनंद केला की विचारू नका. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "काय झालं, मुलगा झाला?" हे जाड बुडाचं पातेलंही अप्पांचंच. एक कान तुटला होता, तिथे त्यांनी स्वतः मुठीएवढा दांडा बसवला होता आणि त्याचे खिळे इतके सफाईनं घासले होते की बोट फिरवलं तरी लागायचे नाहीत.

लागायचे नाहीत. बघा, पुन्हा तोच शब्द आला. तिनं ओटा पुसायला घेतला. कुठूनही विचार करायला निघालं तरी आता त्या शब्दाला पाय अडकत होता. आणि ओटा पुसता पुसताच तिला ते आठवलं, जे आठवायला नको होतं. अप्पा पातेल्याला कधीच 'लागलं' म्हणत नसत. ते म्हणत, 'धरलं'. "बघ, तळाला धरतंय. हलव, हलव. एकदा धरलं की सोडत नाही ते." कारखान्यातलाच शब्द असावा, पाती धातूला धरते तसा. 'लागलं' हा सासूबाईंचा शब्द. भाजी लागली, दूध लागलं, भात लागला. अप्पा 'लागलं' म्हणायचे ते फक्त अंगासाठी. एकदा किसणीवर त्यांच्या बोटाचं सालटं निघालं होतं. रक्त ठिबकत होतं आणि हा माणूस शांतपणे म्हणाला, "लागलं जरा," जसं काही दुसऱ्याच कुणाचं बोट आहे. आरडाओरडा त्यांच्या स्वभावात नव्हता. आणि दुसरी गोष्ट. जो माणूस पातेल्याचा आवाज बारीक होताना भिंतीपलीकडून ऐकायचा, त्याच्यासमोर, तो उभा असताना, पातेलं लागेल कसं? पातेलं लागलं ते नंतर. आधी त्यांना लागलं.

त्या दिवशी ती दुकानात होती. घरी पोचली तेव्हा जिन्यातच करपल्याचा वास होता. स्टूल आडवं पडलेलं, वरच्या फळीवरचा मिठाचा डबा खाली, आणि अप्पा भिंतीला टेकून बसल्यासारखे. डोक्यामागे टेंगूळ होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, खाली बसताना डोकं भिंतीवर आपटलं असेल, क्षणाचा खेळ. सगळ्यांनी मान हलवली. क्षणाचा खेळ. पण क्षणात जाणारा माणूस 'लागलं गं' म्हणून वर 'बरं' कसं म्हणेल? त्या 'बरं'मध्ये तर सगळं होतं. स्टुलावरून पडलेला, जमिनीवर बसलेला, उठता न येणारा माणूस. आणि बाहेरून आलेलं उत्तर ऐकून, तिला यायला जमत नाही असं दिसतंय, असं समजून, समजुतीनं म्हणतो, बरं. सासूबाईंना वास आला तो मटार संपल्यावर. टोपलीभर मटार होते. गोष्टीत हेही असायचं, "टोपलीभर मटार, पण शेवटची शेंग टाकली तेव्हा उठले," आणि त्यावरही लोक हसायचे.

हे आपल्याला कळलं ते कळलं, पण हे सासूबाईंना कळता कामा नये, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात घण घालत होता. बाहेर सासूबाई खुर्चीत बसून मुलाला सांगत होत्या, अजून खाली घे, अजून, हां, आता वाकडं झालं. केवढीशी झाली होती म्हातारी. नीट जेवत नव्हती, नीट झोपत नव्हती, गुडघे गेले होते, कान मात्र शाबूत. आणि तिच्याजवळ होतं काय? ती एक गोष्ट. तिच्यावर टेकून ती उभी होती. नवरा गेला, पण हसवून गेला. ती गोष्ट उलटी झाली तर खाली उभं राहायला जमीनच नाही. आणि आज तर पाहुणे जेवायला यायचे होते. वरच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाई नुकत्याच राहायला आल्या होत्या, त्यांना सासूबाईंनीच जिन्यात गाठून बोलावलं होतं. नवं माणूस म्हणजे गोष्ट येणार. नव्या माणसाला पातेल्याचं काय ठाऊक? ती ज्या कानांनी आज ऐकत होती, त्याच कानांनी त्या बाई ऐकतील, आणि काहीतरी विचारून बसतील.

मग तिनं एक वेडेपणा केला. रस्सा दुसऱ्या भांड्यात ओतला, लग्नात आलेल्या, पातळ बुडाच्या, चकचकीत भांड्यात. पातेलं विसळलं आणि माळ्यावर, जुन्या बादलीच्या मागे, सारून दिलं. पातेलं दिसलं नाही तर गोष्ट निघणार नाही, असं तिला वाटलं. लंगडाच उपाय होता हा, पण त्या वेळी दुसरं सुचेना. विसळताना त्या दिवशीचा तो डाग तिच्या तळहाताखाली आला. घासण्या झिजल्या, राख झाली, लिंबू झालं, डाग गेला नव्हता. इतकी वर्षं ती त्याच डागावर कांदा परतत होती आणि शेजारीपाजारी म्हणत होते, तुझ्या रश्श्याला काय सुरेख धुरकट चव असते, काय घालतेस गं? काही नाही हो, म्हणायची ती, पातेल्याचा गुण. नळाच्या पाण्याच्या आवाजाखाली कुणीतरी अगदी हळू, समजुतीच्या सुरात बोलल्यासारखं वाटलं. तिनं नळ बंद केला. फळीवर मिठाचा डबा होता. स्टूल कोपऱ्यात होतं. कुणी काही बोललेलं नव्हतं.

पियानोच्या बाई वेळेवर आल्या, केक घेऊन आल्या, छान बोलल्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या. "आज रस्सा आपल्या पातेल्यातला नाही."

"नाही आई. दुसऱ्या भांड्यात केलाय."

"का? पातेल्याला काय झालं?"

"भिजत घातलंय." खोटं बोलताना तिचे कान तापले.

"भिजत घालून काय होणार आहे त्याचं?" सासूबाई म्हणाल्या, आणि पदरानं ओठ पुसले.

तिनं भात वाढला, पाणी वाढलं, केकचं कौतुक केलं, पियानोला हल्ली सूर लावायला माणसं मिळतात का, असं विचारलं. कशाचा उपयोग झाला नाही. म्हाताऱ्या माणसानं ओठ पुसले की गोष्ट येतेच. मटार आले, हे आत, मी बाहेर. आतून म्हणाले, 'लागलं गं.' आणि गोष्ट पुढे सरकायच्या आत पियानोच्या बाईंनी घास खाली ठेवला आणि कळवळून विचारलं, "अगं बाई! कुठे लागलं त्यांना?"

सासूबाईंचा पदर धरलेला हात तोंडाजवळ तसाच होता. तिनं त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. त्या नव्या जागी लावलेल्या घड्याळाकडे बघत होत्या, जणू वेळ समजत नव्हती. शेवटी नवराच खो खो हसला. "नाही हो, त्यांना नाही, पातेल्याला! सगळ्यांचं असंच होतं. आज सकाळीच काय गंमत..." "अहो, पाणी आणता का जरा?" ती म्हणाली. "आणतो गं. तर आज सकाळीच..." आणि रुमाल गुंडाळलेला अंगठा वर करून त्यानं ती सकाळची गंमत सांगितलीच. हातोडी, लागलं, आतून उत्तर, सगळं नकलेसह. पियानोच्या बाई हसल्या. सासूबाईही हसल्या, पण उशिरानं, आणि हसताना सुनेकडे बघत होत्या.

बाई गेल्या. नवरा पेपर घेऊन कोचावर आडवा झाला. ती भांडी गोळा करत होती तेव्हा सासूबाई भिंत धरत धरत आत आल्या आणि अप्पांच्या स्टुलावर बसल्या. "काढ ते पातेलं माळ्यावरून."

तिनं काढलं. ते माळ्यावर आहे हे तिनं त्यांना सांगितलं नव्हतं.

"उरलेला रस्सा ओत त्यात. ठेव गॅसवर. रात्रीला होईल."

तिनं ओतला, ठेवला.

"सकाळी कळलं ना तुला?" सासूबाई म्हणाल्या.

"काय कळलं, आई?"

"उगाच वेड पांघरू नकोस. मी समोरच बसले होते. त्यानं अंगठ्यावर मारून घेतलं ते बघितलं आणि आतून तुझं उत्तर ऐकलं. माझंच उत्तर होतं ते." त्यांनी गुडघ्यावरचा पदर सारखा केला. "ते पातेल्याला 'धरलं' म्हणायचे. जन्मात कधी 'लागलं' म्हणाले नाहीत."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी आत आले. त्यांना बघितलं. आणि काय केलं सांगू? आधी गॅस बंद केला." त्या गॅसच्या बटणाकडे बघत होत्या. "बंद करता करताच कळलं."

"मग सगळ्यांना हसून हसून कशाला सांगता? मला इतकं... मी सकाळपासून तुमच्यासाठी जीव टांगणीला लावून बसलेय!"

"हळू. तो बाहेर आहे." सासूबाईंचा आवाज अगदी खाली आला. "डॉक्टरनं विचारलं होतं, काही बोलले का शेवटी? मी म्हटलं, 'लागलं' म्हणाले. त्यानं विचारलं, कुठे? आजच्या त्या बाईंसारखंच. आणि हा तुझा नवरा दारात उभा होता. एवढंसं तोंड झालेलं. माझ्याकडे बघत होता. मी काय सांगायला हवं होतं त्याला? की तुझ्या बापानं हाक मारली आणि आई शेंगा सोलत बसली? मी म्हटलं, 'पातेल्याला.' तर तो हसला गं. रडता रडता हसला. त्या दिवसापासून पातेल्याला. गप्प बसले की ते परत त्यांना लागतं. सांगितलं की पातेल्याला. म्हणून येईल त्याला सांगते."

पातेल्यात रस्सा उकळू लागला होता. आवाज जाड होता. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही, नुसता आवाज होऊ दिला नाही. सासूबाईंनी तिची समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "आज त्या बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात शब्दच येईना. संपलं माझं. आता पुढच्या वेळी तू सांग."

"मी? नाही हो आई. मला नाही जमणार."

"जमेल. उत्तर तर पाठ आहे तुला."

आवाज बारीक झाला. तिनं तो ऐकला, पाणी संपतंय, आता हलायचं, आणि तिचा हात आपोआप बटणाकडे गेला. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. कातडी कागदासारखी, पण पकड घट्ट. "असू दे," त्या म्हणाल्या. मग सुईसारखा आवाजही गेला आणि वास सुटला. तोच वास, जिन्यातला. तो दोघींच्या मधून बाहेरच्या खोलीत गेला, आणि पेपर खाली झाल्याचा आवाज आला.

"अगं, काय झालं? लागलं का?"

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. मनगट अजून त्यांच्या हातात होतं. तिनं डोळे पुसले, घसा साफ केला आणि मोठ्यानं, हसत, म्हणाली, "पातेल्याला हो! दुसरं कुणाला लागणार?"

बाहेर नवरा लहान मुलासारखा खदखदून हसला आणि त्यानं आईच्या सुरात, गोष्टीतल्या सुरात, ओरडून उत्तर दिलं, "लागलं तर उतरवा की! मी काय पेपर टाकून धावत येऊ?"

सासूबाईंनी तिचं मनगट सोडलं.

"बरं," त्या हळूच म्हणाल्या.

तिनं गॅस बंद केला.